बीटचा झाक्फास: पोलंडमधल्या आजीच्या बटव्यातलं औषध आणि नाताळच्या उपवासाचं सार, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बीट म्हटलं की आपल्याकडे कोशिंबीर, कटलेट नाहीतर डॉक्टरांनी हिमोग्लोबिन कमी सांगितलं म्हणून नाक दाबून प्यायलेला ज्यूस, एवढंच. मी कोल्हापूरकडची, घराच्या चारी बाजूंना ऊस, बीट फक्त बाजारात दिसायचं. लग्नानंतर पोलंडमध्ये व्रोत्स्वाफला आले आणि पहिल्याच थंडीत मला तीन आठवडे खोकला लागला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजी एका हातात बीट आणि दुसऱ्या हातात मधाची बाटली घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून बीट या गोष्टीकडे बघायची माझी नजरच बदलली. इकडे बीटची बरणी म्हणजे थंडीभर औषध आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी त्याच बरणीतून उपवासाचं पहिलं वाढप, दोन्ही एकच, त्यामुळे आजी त्या बरणीला जेवढं जपतात तेवढं आपण लोणच्याच्या बरणीला जपतो.

आता इकडे शिकायला नोकरीला खूप मराठी मंडळी येतात आणि सगळे मला विचारतात की ते लाल आंबट पाणी घरी कसं करायचं, आणि पुण्या-कोल्हापूरच्या मैत्रिणीही विचारतात. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी शब्द समजून घ्या

पोलिशमध्ये बीटला बुराक म्हणतात. झाक्फास म्हणजे आंबवलेलं पाणी, आपल्या कांजीचा भाऊ म्हणा. या झाक्फासपासून जे पातळ लालभडक सार होतं ते बार्श्च. गंमत अशी की बार्श्च हे मुळात बीटचं नावच नाही, ते एका रानटी झाडाचं नाव आहे, जुन्या काळी त्या झाडाची पानं-देठं आंबवून आंबट सार करायचे आणि नंतर बीट आलं तरी नाव तेच राहिलं. हे सांगायचं कारण असं की इथे रस्त्याकडेला आणि नदीकाठी बार्श्च नावाचंच एक प्रचंड मोठं, छत्रीसारख्या पांढऱ्या फुलांचं झाड उगवतं, त्याचा रस अंगाला लागून ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. नाव ऐकून कुणी ते तोडायला जाऊ नका, लांबूनच नमस्कार.

युक्रेनमध्ये तेच बोर्श्च, पण तिथलं दाट, भाज्या घातलेलं असतं. युक्रेनच्या बोर्श्च करायच्या परंपरेला १ जुलै २०२२ ला युनेस्कोने तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतलं, युद्ध चालू असतानाच. माझ्या शेजारी आता दोन युक्रेनी कुटुंबं आहेत, त्यांच्यापुढे बोर्श्चला नुसतं सूप म्हणून बघू नका, त्यांना ते लागतं, आणि लागणारच.

बीट निवडणं

मध्यम आकाराची, मुठीएवढी बीटं घ्या, फार मोठी घेतली तर आतून लाकडासारखी निघतात. हात लावून बघायची, घट्ट पाहिजेत, मऊ पडलेलं एक जरी असलं तरी ते बरणीत नको. पानं ताजी असतील तर फेकू नका, त्यांची भाजी करा. बीटची कहाणी मुळात पानांपासूनच सुरू होते, प्राचीन ग्रीक वैद्यकात जखमेवर बीटची पानं बांधायचे आणि रोमन लोक पोट साफ व्हायला बीट खायचे, गोल लाल गड्डा हे फार नंतरचं प्रकरण. रोमन काळात अशी एक गोष्टही सांगायचे की डेल्फीच्या अपोलोच्या देवळात मुळा सोन्याचा वाहायचे, बीट चांदीचं आणि सलगम शिशाचं. म्हणजे देवाच्या दारातही बीटचा नंबर दुसरा होता.

एक किलो बीट, दीड लिटर पाणी, तीन लिटरची काचेची बरणी. एवढ्यावर सुरुवात करा, पहिल्यांदा जास्त करू नका.

बरणी भरणं

बरणी उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची, लोणच्याला करतो तशीच, इथे कंटाळा केला तर पुढचं सगळं वाया. पाणी उकळून पूर्ण गार करा. लिटरला एक मोठा चमचा मीठ, म्हणजे १८ ते २० ग्रॅम, साधं मीठ असलं तरी चालतं, आयोडीन नसलेलं मिळालं तर जास्त चांगलं.

बीट खळखळून धुवा, पातळ सालं काढा आणि अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या करा. किसायचं नाही. किसलं की साखर एकदम पाण्यात उतरते, सगळं फार जोरात फसफसतं आणि चव आंबट व्हायच्या ऐवजी दारूकडे झुकते. चकत्यांबरोबर चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून, सहा-आठ मिरे, चार-पाच दाणे ऑलस्पाइस आणि दोन तमालपत्रं. इथलं तमालपत्र आणि आपल्या गरम मसाल्यातलं तमालपत्र ही दोन वेगळी झाडं आहेत, आपल्याला दालचिनीसारखा वास येतो, त्यामुळे भारतात करत असाल तर एकच पान घाला नाहीतर सगळं पुलावासारखं लागेल. आजी वरून राईच्या काळ्या ब्रेडचा एक कडक तुकडाही टाकतात, त्याने लवकर आंबतं, पण तो नाही टाकला तरी काही बिघडत नाही आणि बुरशीची भीती कमी होते. मी टाकत नाही.

मग मिठाचं पाणी ओता. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, चकत्या पाण्याखालीच राहिल्या पाहिजेत, एकही वर तरंगता कामा नये. माझी पहिली बरणी याच्यामुळेच गेली, मी नुसतं भरून झाकण लावून ठेवलं, चौथ्या दिवशी वर आलेल्या दोन चकत्यांवर हिरवट मखमल आलेली, आणि ती पूर्ण बरणी ओतून देताना मला खरंच रडू आलं कारण आजींनी त्यांच्या गावाकडच्या शेतातली बीटं दिली होती. तेव्हापासून मी आत एक छोटी काचेची वाटी उपडी ठेवते, तिच्या वजनाने सगळं खाली दबून राहतं. तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधा. घट्ट झाकण लावू नका, आत हवा तयार होते. खाली ताट ठेवा, कारण दोन-तीन दिवसांनी पाणी फसफसून बाहेर येतं आणि ओट्यावर पडलेला तो डाग जाता जात नाही.

रोज बघायचं

२०-२२ डिग्रीच्या स्वयंपाकघरात पाच ते सात दिवस लागतात. कोल्हापूरला मे महिन्यात केलं तर तिसऱ्या दिवशीच चाखून बघा. रोज एकदा स्वच्छ लाकडी चमच्याने हलवायचं आणि वाटी परत बसवायची. दुसऱ्या दिवशी पाणी गुलाबी असतं आणि नुसतं खारट लागतं, मातीचा वास येतो, इथे बरेच जण नाराज होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर गुलाबी फेस येतो, बरणीला कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते, वास बदलून आंबूस आणि लसणीचा होतो. सहाव्या दिवशी रंग असा होतो की चमच्यातून धार सोडली तर डाळिंबाच्या रसासारखी दिसते आणि जिभेवर आधी मीठ, मग आंबट आणि शेवटी किंचित गोड अशी चव येते. ही शेवटची गोडी उरलेली असतानाच गाळायचं.

वर पातळ पांढरी साय दिसली तर घाबरू नका, ते यीस्ट आहे, चमच्याने काढून टाका. केसाळ काही दिसलं, हिरवं, काळं किंवा निळं, तर पूर्ण बरणी फेकायची, वरचं काढून खालचं वापरू म्हणायचं नाही. फार उकाड्यात कधी कधी पाण्याला तार सुटते, लाळेसारखी, मी तेही पीत नाही.

गाळून बाटल्यांत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा, काही आठवडे छान राहतं, उलट चव मुरते.

औषध म्हणून, लोक काय करतात आणि मी काय करते

इथल्या घरांत झाक्फास अशक्त माणसाला देतात. आजारातून उठलेला, बाळंतीण, फिकट पडलेलं पोर, सगळ्यांना अर्धा कप. लाल पाणी म्हणजे रक्त, असा साधा सरळ विश्वास, आणि तो आपल्याकडेही आहेच. यात खरं किती ते स्पष्ट लिहिते कारण मला या गोष्टीची काळजी आहे. १०० ग्रॅम बीटमध्ये लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. त्यामुळे रक्त कमी असेल तर फक्त बीटवर विसंबून राहू नका, तपासणी करा, गोळ्या घ्या. फोलेट नावाचं जीवनसत्त्व मात्र बीटमध्ये चांगलं असतं. आणि बीटमध्ये नायट्रेट भरपूर असतं, ते शरीरात जाऊन नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो, हे बीटच्या ज्यूसवर झालेल्या अभ्यासांत दिसलंय. थोडाच उतरतो, म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. आणि झाक्फासमध्ये मीठ आहे हे विसरू नका, बीपीवाल्यांनी रोजचा ग्लास भरून पिऊ नये.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करा, जेवणाआधी. पोटाला सवय नसेल तर एकदम कपभर प्यायल्यावर गडबड होते. आठवड्याभराने अर्धा कप. मी थंडीत सकाळी अर्धा कप घेते, कोमट पाणी मिसळून, आणि माझं पोट साफ राहतं एवढं मी माझ्या अनुभवाने सांगू शकते.

लघवी किंवा शौच लाल झालं तर लगेच घाबरू नका, काही लोकांना बीटने तसं होतं. दोन दिवस बीट बंद करून बघा, तरी लाल असेल तर मात्र डॉक्टरकडे जा. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी बीट कमीच खावं, त्यात ऑक्झलेट खूप असतं. रक्त पातळ करायची वॉरफरिन घेणाऱ्यांनी बीटची पानं एकदम जास्त खायला सुरुवात करू नये. गरोदर बायकांनी घरी आंबवलेलं काहीही डॉक्टरांना विचारून.

खोकल्याचं बीट

आता ज्याने ही सगळी सुरुवात झाली ते. एक मोठं बीट धुवा, वरचा भाग टोपीसारखा कापा, आत चमच्याने कोरून वाटी करा. त्या वाटीत मध भरा, काठोकाठ नाही, बोटभर जागा सोडा. टोपी परत ठेवा, छोट्या भांड्यात उभं करा आणि ओव्हनमध्ये १६० डिग्रीला तासभर ठेवा. ओव्हन नसेल तर भाजायच्या ऐवजी नुसतं तसंच रात्रभर झाकून ठेवा, सकाळपर्यंत वाटीत गडद लाल पाक जमा झालेला असतो. हा पाक दिवसातून तीन-चार वेळा एक-एक छोटा चमचा. फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

पहिल्या रात्री आजींनी स्वतःच्या हाताने मला पाजलं, मान मागे करायला लावून, माझी आजी हळद-मध चाटवायची अगदी तसंच. घसा त्याने शांत होतो, यात मधाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र हा पाक चुकूनही द्यायचा नाही, मधातून बाळाला बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते, जिवावर बेतू शकतं. मधुमेह असेल तर लांबच राहा. आणि खोकला तीन आठवड्यांच्या पुढे गेला तर छाती तपासून घ्या.

मध नसेल तर इथे साखरही घालतात. त्यावरून एक सांगते, आपण ऊसवाले, पण बीटपासून साखर काढायचा जगातला पहिला कारखाना इथून जवळच कोनारी नावाच्या गावात १८०१ मध्ये उभा राहिला आणि १८०२ ला चालू झाला, तेव्हा हा भाग प्रशियात होता. ते बीट पांढरं असतं, आपलं लाल नाही, पण कूळ एकच. कारखान्यांच्या जिल्ह्यातून आलेल्या मला हे कळलं तेव्हा एकदम माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

२४ डिसेंबरचं बार्श्च

नाताळच्या आदल्या संध्याकाळला इथे विगिलिया म्हणतात. दिवसभर लोक जवळजवळ काही खात नाहीत, आकाशात पहिला तारा दिसला की ताटावर बसायचं, आपल्याकडे संकष्टीला चंद्र बघून उपवास सोडतात त्याची मला दरवर्षी आठवण होते. पोरं खिडकीला नाक लावून तारा शोधत असतात. जेवणात मांस नाही, मासे चालतात. पदार्थ बारा, बारा प्रेषितांचे. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली थोडं वाळलेलं गवत पसरतात, येशू गोठ्यात जन्मला म्हणून, आणि एक ताट जास्तीचं मांडतात, दारात कुणी अचानक आलं तर त्याच्यासाठी. माझ्या पहिल्या वर्षी ते ताट मला मिळालं. जेवायला सुरुवात करण्याआधी ओपुआतेक नावाची पातळ पोळीसारखी पापडी सगळे एकमेकांच्या हातातून मोडून खातात आणि एकमेकांना शुभेच्छा देतात, आजी ती मोडताना रडतात, दरवर्षी. मग बहुतेक घरांत पहिलं वाढतात ते बार्श्च. युक्रेनी घरांतही ही संध्याकाळ बारा बिनमांसाच्या पदार्थांची, तिथे आधी गहू-खसखस-मधाची कुत्या आणि मग बोर्श्च. २०२३ पासून युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चने नाताळ २५ डिसेंबरला घेतला, त्यामुळे आता आमच्या जिन्यात खाली-वर एकाच संध्याकाळी बीटचा वास असतो.

या दिवशी करायचं असेल तर बरणी १५-१६ डिसेंबरला भरा. २३ च्या रात्री ३० ग्रॅम सुके जंगली मशरूम पाण्यात भिजवा. २४ ला चार बीटं, दोन गाजरं, सेलरीचा कंद आणि पार्सलीचं मूळ (भारतात नाही मिळालं तर सोडा), एक कांदा गॅसवर थेट काळा होईपर्यंत भाजून, तमालपत्र, मिरे, असं सगळं दोन लिटर पाण्यात घालून मशरूम त्यांच्या पाण्यासकट टाका आणि अगदी मंद आचेवर तासभर ठेवा. गाळा. मग गॅस बारीक करून त्यात अर्धा लिटर झाक्फास ओता, मीठ, चिमूटभर साखर, चुरलेला मार्जोरम. इथून पुढे उकळी येऊ द्यायची नाही, हे आजींनी मला हात धरून सांगितलंय, उकळलं की डोळ्यासमोर माणकाचा रंग जाऊन विटकरी पाणी होतं आणि मग कितीही झाक्फास ओता, पहिल्यासारखं होत नाही. बीटचा रंग उष्णतेने मरतो आणि आंबटपणाने टिकतो, एवढंच त्यामागचं गणित.

त्यात घालायला उश्का करतात, म्हणजे छोटे कान. मैद्याची पातळ पारी, आत ते शिजलेले मशरूम आणि परतलेला कांदा बारीक चिरून. आपल्याला हे सोपं जातं, बोटाएवढी छोटी करंजी करायची आणि तिची दोन टोकं एकमेकांना चिकटवायची. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात शिजवून आधी बशीत ठेवायचे आणि वरून गरम बार्श्च ओतायचं.

ज्यूंच्या घरातलं बीट

हे लिहिल्याशिवाय पोलंडमधल्या बीटची गोष्ट अर्धीच राहील, कारण दुसऱ्या महायुद्धाआधी इथल्या गावागावांत ज्यू घरं होती आणि त्यांच्याकडेही बीटची बरणी होती. त्यांची बरणी पुरिम सणाला भरायची, म्हणजे पेसाख या त्यांच्या वसंतातल्या मोठ्या सणाच्या बरोबर महिनाभर आधी, आणि तिला रोसेल म्हणायचे. पेसाखला आंबवलेलं धान्य घरात सुद्धा चालत नाही, म्हणून धान्याचं व्हिनेगर नाही, ब्रेडचा तुकडा तर नाहीच, आंबटपणासाठी फक्त बीट आणि पाणी. ज्यांना ब्रेड न घालता करायचंय त्यांनी हाच रस्ता धरायचा.

त्यांच्या नव्या वर्षाला, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, काही घरांत बीटची पानं खातात. त्याचं जुनं नाव सिल्का, आणि तो शब्द दूर होणं या अर्थाच्या शब्दासारखा ऐकू येतो, म्हणून पान हातात घेऊन प्रार्थना करतात की आमचे शत्रू दूर होवोत. चौथ्या शतकात बाबिलोनमधल्या आबाये नावाच्या विद्वानाने नव्या वर्षाला जे पदार्थ सांगितले त्यात भोपळा, मेथी, खजूर यांच्याबरोबर बीट आहे. ताल्मूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात असंही आहे की बीटची शिजवलेली भाजी काळजाला चांगली, डोळ्यांना चांगली आणि आतड्यांना तर त्याहून चांगली, आणि त्यावर आबाये म्हणतो, पण ती चुलीवर बसून तुख तुख आवाज करेपर्यंत शिजली पाहिजे. माझी आई आमटीला रटरट म्हणते तेच हे.

उरलेल्या चकत्यांचं काय

फेकू नका. किसून त्यात ताजं किसलेलं हॉर्सरॅडिश, थोडं मीठ, साखर आणि लिंबू घाला, इथे ईस्टरला अशीच बीटची चटणी असते, च्फिकुआ म्हणतात, नाकात झणझणते. भारतात हॉर्सरॅडिश नाही मिळालं तर मोहरी फेसून घाला, चव वेगळी पण झणका तोच. किंवा त्याच चकत्यांवर परत मिठाचं पाणी ओतून दुसरं पाणी काढता येतं, ते फिकट येतं, पण सारात चालतं.

आणि गाळताना तळाचा एक कप झाक्फास बाजूला काढून ठेवा. पुढची बरणी भरली की हे विरजण म्हणून वरून ओतायचं, मग सातच्या ऐवजी चार दिवसांत होतं. माझ्या फ्रीजमधला कप आजींच्या बरणीतून आलेला आहे, मी सुट्टीला कोल्हापूरला गेले की तो परत वर त्यांच्याकडे ठेवायला देते आणि आल्यावर घेऊन येते.